लॉजिक ॲनालायझर फक्त सुडोनेच का चालतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकरोडला डिप्लोमाच्या मुलांची लॅब तुमच्याकडे आहे, काही डेस्कटॉपवर उबंटू (लिनक्स) आणि काहींवर विंडोज. आठ चॅनेलचे स्वस्तातले लॉजिक ॲनालायझर (तारांवरचे डिजिटल सिग्नल टिपून कॉम्प्युटरवर दाखवणारे) आणले, ते वापरायच्या पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरची ॲपइमेज उतरवली. साध्या लॉगिनमधून उघडलं तर उपकरण सापडत नाही, सुडो लावलं, म्हणजे सर्वाधिकारी रूट युजर म्हणून चालवलं, की लगेच सापडतं. कुणीतरी सांगितलं म्हणून उपकरणाच्या फाइलला चमोड या परवानगी बदलायच्या कमांडने सगळ्यांसाठी परवानगी दिली, तर ती एकदा चालली आणि नंतर पुन्हा तेच. आता सगळ्या मुलांना सुडो देऊन मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारताय.

देऊ नका. हा प्रश्न एका ओळीच्या नियमाने कायमचा सुटतो. पण ती ओळ नुसती चिकटवण्याआधी आत काय घडतं ते समजून घ्या, कारण चमोड का टिकला नाही याचं उत्तर तिथेच आहे. मी नाशिकच्या अंबडला कंट्रोलर बोर्डांचं काम करतो. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याला हेच समजावून सांगावं लागतं.

तुमच्याकडचे ॲनालायझर बहुधा सायप्रेसच्या सीवाय७सी६८०१३ए या चिपवरचे आहेत, म्हणजे ज्याला सगळे एफएक्स२ म्हणतात तो. चोवीस मेगाहर्ट्झ, आठ चॅनेल असं लिहिलेली बाजारातली जवळजवळ सगळी स्वस्त डबी हीच. या चिपमध्ये कायमस्वरूपी फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, नसतं. सोबतच्या छोट्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) फक्त ओळखक्रमांक असतो. उपकरण लावलं की ते '०९२५:३८८१' असा क्रमांक सांगतं आणि गप्प बसतं. पल्सव्ह्यूने ते उघडलं की सिग्रॉकची (पल्सव्ह्यू ज्या प्रकल्पाचं आहे त्याची) लायब्ररी यूएसबीवरूनच फर्मवेअर चिपच्या रॅममध्ये ओतते. ते चालू झालं की चिप यूएसबीवरून स्वतःला तोडते आणि पुन्हा जोडून घेते. तुम्ही केबलला हातही लावलेला नसतो, पण लिनक्सच्या दृष्टीने एक उपकरण गेलं आणि दुसरं आलं.

आता चमोडकडे बघा. लिनक्समध्ये यूएसबी उपकरणाची फाइल '/डेव्ह/बस/यूएसबी/००१/००७' अशा पत्त्यावर असते. शेवटचा आकडा उपकरण जोडताना मिळतो आणि दर वेळी पुढे सरकतो. तुम्ही परवानगी दिली ती ००७ या फाइलला. फर्मवेअर ओतल्यावर उपकरण परत आलं ते ००८ म्हणून, आणि ती फाइल नवीकोरी, रूटच्या मालकीची. एकदा चाललं असेल तर ते आधी सुडोने फर्मवेअर चढवून ठेवलं होतं म्हणून. केबल काढली की रॅम पुसली गेली, पुन्हा पहिल्यापासून.

इथेच आणखी एका गोष्टीने बरेच जण फसतात. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी एलएसयूएसबी ही कमांड चालवली की यादीत 'लेकव्ह्यू रिसर्च सेलिए लॉजिक' अशी ओळ साध्या युजरलाही दिसते. म्हणून वाटतं, परवानगी तर आहे. त्या फाइलची मूळ परवानगी ०६६४ असते, म्हणजे वाचायला सगळ्यांना मोकळीक, लिहायला फक्त रूटला. यादी बघायला वाचणं पुरतं. फर्मवेअर ओतायला, सॅम्पल मागायला लिहावं लागतं. म्हणून यादीत दिसतं आणि उघडताना 'लिबयूएसबी एरर ॲक्सेस' येतो.

परवानगी फाइलला द्यायचीच नाही, ती उपकरणाच्या ओळखीला द्यायची. हे काम युडेव्हचं, म्हणजे उपकरण जोडलं की त्याच्या फाइलची परवानगी ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचं. उबंटूच्या रेपॉझिटरीतून एपीटीने पल्सव्ह्यू बसवलं असतं तर सिग्रॉकचे नियम लायब्ररीसोबत आपोआप आले असते. ॲपइमेज ही एकच फाइल असते, ती सिस्टिममध्ये काहीच बसवत नाही, म्हणून तुमच्याकडे नियम नाहीत. माझा सल्ला: लॅबसाठी एपीटीचंच पॅकेज घ्या, सोबत सिग्रॉक-फर्मवेअर-एफएक्स२एलएएफडब्ल्यू हे पॅकेज आलं आहे ना ते बघा. नवीन डीकोडर (टिपलेल्या सिग्नलचा अर्थ लावणारा भाग) हवा म्हणून ॲपइमेजच वापरायची असेल तर नियम हाताने लिहा.

ईटीसीखालच्या युडेव्हच्या रूल्स.डी फोल्डरमध्ये '६१-लॉजिक.रूल्स' अशी फाइल करा. तिच्यात एकच ओळ लागते, आणि ती ओळ असं सांगते: सबसिस्टिम यूएसबी असेल, आयडीव्हेंडर ०९२५ असेल, आयडीप्रॉडक्ट ३८८१ असेल, तर मोड ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येईल), ग्रुप प्लगडेव्ह आणि टॅग युॲक्सेस (तो काय करतो ते पुढे सांगतो). 'असेल' या भागात प्रत्येक ठिकाणी दोन बरोबर चिन्हं लागतात, कारण ती तुलना आहे. 'तर' या भागात मोड आणि ग्रुपला एकच बरोबर चिन्ह, आणि टॅगला अधिक-बरोबर, म्हणजे आधीच्या टॅगांत भर. तुलनेच्या जागी एकच चिन्ह पडलं तर नियम चालत नाही आणि पडद्यावर कसलीही तक्रार येत नाही; चूक फक्त सिस्टिमच्या लॉगमध्ये जाते. ओळखक्रमांकात अक्षरं असतील तर ती लहान लिपीत लिहा, मोठ्या लिपीत लिहिलेली जुळत नाहीत. फाइलचं एक्स्टेन्शन रूल्सच हवं. टेक्स्ट एडिटरने शेवटी टीएक्सटी चिकटवलं असेल तर युडेव्ह ती फाइल वाचणारच नाही.

नावातला ६१ हा आकडाही महत्त्वाचा आहे. नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. युॲक्सेस टॅगवर प्रत्यक्ष कृती करणारी सिस्टिमची फाइल ७३ने सुरू होते. तुमची फाइल ९९ने सुरू झाली तर टॅग लागतो, पण तोवर तो बघणारा पुढे निघून गेलेला असतो. इंटरनेटवरचे बरेच जुने नमुने ९९चेच आहेत. त्यांत मोड ०६६६ (सगळ्यांना वाचायला-लिहायला मोकळीक) असतो म्हणून ते चालतात, टॅगमुळे नाही.

मग ०६६६ लिहून का मोकळं होऊ नये? एकट्याच्या लॅपटॉपवर मी फारसा वाद घालणार नाही. पण तुमच्याकडे एका मशीनवर अनेक मुलं बसतात. ज्याला या उपकरणावर लिहिता येतं त्याला चिपमध्ये हवं ते फर्मवेअर ओतता येतं. एफएक्स२ला कीबोर्ड असल्याचं भासवायला लावणंही शक्य आहे, आणि मग पुढच्या लॉगिनमध्ये तो 'कीबोर्ड' स्वतःच टाइप करू लागेल. सुडोबद्दल तर आणखी ठाम सांगतो: सिग्रॉकचे सगळे प्रोटोकॉल डीकोडर पायथॉनमध्ये लिहिलेले आहेत. पल्सव्ह्यू रूट म्हणून चालवलं की कुठूनतरी आणलेला डीकोडरही रूट म्हणूनच चालतो. शिवाय सेव्ह केलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं म्हणतात, सर, फाइल सेव्ह होत नाही.

युॲक्सेस लॅबला नेमकं जुळतं. जो मुलगा त्या मशीनसमोर बसून लॉगिन झालाय त्यालाच परवानगी मिळते. तो लॉगआउट झाला की निघून जाते, पुढच्याला मिळते. कुणाला कोणत्या ग्रुपमध्ये घालायची यादी ठेवावी लागत नाही. एक मर्यादा आहे: एसएसएचने किंवा रिमोट डेस्कटॉपने आलेल्याला हे मिळत नाही, कारण तो मशीनसमोर बसलेला नाही. तेवढ्यासाठी ओळीत प्लगडेव्ह ग्रुप ठेवला. स्टाफपैकी कुणी दुरून जोडून काम करणार असेल तर त्याला त्या ग्रुपमध्ये घाला. युजरमॉड वापरताना मोठ्या जीसोबत लहान ए विसरू नका, नाहीतर तो माणूस बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडेल, सुडोच्याही. आणि ग्रुपचा बदल पुन्हा लॉगिन झाल्यावरच लागू होतो, नुसतं टर्मिनल बंद करून उघडून उपयोग नाही. प्लगडेव्ह हा ग्रुप डेबियन-उबंटूकडचा. फेडोरावर तो नसतो, तिथे फक्त टॅगवर भागवा.

फाइल लिहिल्यावर युडेव्हॲडमला कंट्रोल आणि रीलोड सांगा, मग केबल काढून पुन्हा लावा. आता खात्री अशी करा: एलएसयूएसबीमध्ये बस आणि डिव्हाइसचे आकडे बघा, त्या पत्त्यावरच्या फाइलवर एलएस-एल चालवा. परवान्यांच्या अक्षरांच्या शेवटी अधिक चिन्ह दिसलं पाहिजे. परवान्यांची सविस्तर यादी देणारं गेटएफएसीएल चालवलं तर तुमच्या युजरच्या नावासमोर आर आणि डब्ल्यू दोन्ही दिसतील. ते दिसलं की सिग्रॉक-सीएलआय स्कॅन पर्यायासह चालवा. डी० ते डी७ असे आठ चॅनेल दाखवणारी ओळ येईल. मग पुन्हा एलएसयूएसबी बघा. डिव्हाइसचा आकडा बदललेला असेल. नव्या पत्त्यावरही अधिक चिन्ह आहे ना, ते तपासा. मुलांनाही हे करायला लावा. यूएसबीवरचं रीन्यूमरेशन, म्हणजे उपकरणाचं असं तुटून पुन्हा जोडलं जाणं, पुस्तकातून शिकवण्यापेक्षा असं डोळ्यांसमोर झालेलं चांगलं लक्षात राहतं.

तरीही चाललं नाही तर एररचा शेवटचा शब्द वाचा, तो फार उपयोगाचा असतो. ॲक्सेस म्हणजे परवानगी, नियमाकडे परत जा. बिझी म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने उपकरण धरून ठेवलंय. बहुतेकदा पल्सव्ह्यूचीच दुसरी खिडकी मागे उघडी असते. फर्मवेअरची फाइल सापडली नाही असं आलं तर ते पॅकेज राहिलंय. काही डब्यांत ईईप्रॉम कोरा असतो, ती '०४बी४:८६१३' असा क्रमांक दाखवतात. त्यांच्यासाठी नियमात वेगळी ओळ लागते, आणि कर्नलचा यूएसबीटेस्ट नावाचा मॉड्यूल त्यांना आधीच पकडून बसू शकतो. आरएममॉडने तो काढा, मग ब्लॅकलिस्टमध्ये घाला. आणि एलएसयूएसबीमध्ये उपकरण दिसतच नसेल तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबल लॅबमध्ये फार असतात, त्यांना डेटाच्या तारा नसतात.

एक इशारा लॅबसाठी मुद्दाम देतो. पल्सव्ह्यूला खरं उपकरण सापडलं नाही की ते गुपचूप डेमो डिव्हाइस घेतं. रन दाबलं की पडद्यावर छान तरंग येतात आणि मुलं तेच मोजून जर्नलमध्ये लिहितात. डेमोच्या मूळ पॅटर्नमध्ये आठ चॅनेल एकत्र बघितले तर 'सिग्रॉक' ही इंग्रजी अक्षरं उमटलेली दिसतात. वर उपकरणाच्या नावाच्या बटणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय रन दाबायचं नाही, हा नियमच करा.

विंडोजवर युजरच्या परवानगीचा हा प्रश्न नाही, तिथे ड्रायव्हरचा प्रश्न आहे. सिग्रॉकला विनयूएसबी ड्रायव्हर लागतो आणि तो झाडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने बसवतात. ॲडमिन म्हणून एकदा बसवला की मुलांच्या साध्या अकाउंटमधून चालतो. झाडिगमध्ये सगळी उपकरणं दाखवायचा पर्याय चालू केलात तर यादीत कीबोर्ड आणि माउसही येतात. चुकून कीबोर्डवर विनयूएसबी बसवला तर कीबोर्ड त्या क्षणी बंद पडतो. म्हणून नावावर जाऊ नका, ०९२५ आणि ३८८१ हे आकडे जुळल्यावरच बटण दाबा. झालीच चूक तर डिव्हाइस मॅनेजरमधून ते उपकरण अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून टाकायच्या चौकटीत टिक करा आणि हार्डवेअर पुन्हा स्कॅन करा. लॅबमध्ये रीबूटला मशीन मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर असेल तर ते आधी तात्पुरतं बंद करा, नाहीतर उद्या सकाळी ड्रायव्हर गायब.

हॅन्टेकचा ६०२२बीई हा यूएसबी ऑसिलोस्कोप तुमच्याकडे असेल किंवा येणार असेल तर तोही एफएक्स२वरचाच आहे, पण फर्मवेअर चढल्यावर त्याचा ओळखक्रमांकच बदलतो. त्याच्यासाठी लिनक्समध्ये दोन्ही क्रमांकांचे नियम लागतात आणि विंडोजमध्ये झाडिग दोनदा चालवावं लागतं.

काही मशीनवर विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू चालवायचा विचार असेल, तर यूएसबी फिल्टर बनवताना व्हर्च्युअलबॉक्स सगळ्या चौकटी स्वतः भरतं: निर्माता, उत्पादन, रिव्हिजन. त्या पुसा, फक्त व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे ठेवा. फर्मवेअर चढल्यावर उपकरण निर्मात्याच्या जागी 'सिग्रॉक' आणि उत्पादनाच्या जागी 'एफएक्स२एलएएफडब्ल्यू' सांगू लागतं. जुन्या नावावरचा फिल्टर जुळत नाही आणि उपकरण अर्ध्यातच यजमान मशीनकडे परत जातं. खरं तर या कामासाठी मी व्हर्च्युअल मशीन टाळतोच. वेगाने येणाऱ्या सॅम्पलमध्ये तिथे खंड पडतो.

वेगाचं गणित मुलांना नक्की करायला लावा. आठ चॅनेल चोवीस मेगाहर्ट्झवर म्हणजे सेकंदाला २४ मेगाबाइट, तेही सलग. डबीत स्वतःची मेमरी नाही, त्यामुळे कॉम्प्युटर क्षणभर मागे पडला तरी कॅप्चर थांबतं. एकाच हबवर पेनड्राइव्ह, वेबकॅम आणि ॲनालायझर लावू नका, मागच्या पोर्टला थेट लावा. आणि गरज नसताना चोवीस घेऊच नका. ९६०० बॉडच्या यूएआरटीला (साध्या सिरियल जोडणीला) एका बिटला १०४ मायक्रोसेकंद मिळतात, तिथे एक मेगाहर्ट्झ भरपूर झाला. ११५२००लाही एक मेगाहर्ट्झवर बिटमागे आठ-नऊ सॅम्पल मिळतात. आय२सी या चिपांमधल्या दोन तारांच्या जोडणीला ४०० किलोहर्ट्झवर चार मेगाहर्ट्झ घ्या. एसपीआय (चिपांमधली जास्त वेगाची जोडणी) चार मेगाहर्ट्झच्या पुढे गेली की मात्र चोवीसच लागतात, आणि आठ मेगाहर्ट्झच्या एसपीआयला ही डबी घेऊच नये असं माझं मत आहे.

आता तारांबद्दल. सॉफ्टवेअर नीट बसलं की मुलं लगेच काहीतरी जोडायला धावतात, म्हणून हे आधी फळ्यावर लिहा. या डब्यांचे इनपुट पाच व्होल्टपर्यंतचे. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं पॅनल म्हटलं की २४ व्होल्ट आलेच. इंटर्नशिपला गेलेला मुलगा पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) आउटपुटवर थेट प्रोब लावू शकतो. आरएस-२३२वर ऋण व्होल्टेजही असतं, तिथे मॅक्स३२३२च्या टीटीएल बाजूला जोडा. व्हीएफडीचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) मॉडबस आरएस-४८५वर असेल तर ए आणि बी तारांवर प्रोब लावायचे नाहीत. मॅक्स४८५सारख्या ट्रान्सीव्हरचा आरओ पिन घ्या, तिथे साधा यूएआरटी मिळतो आणि पल्सव्ह्यूमध्ये यूएआरटीवर मॉडबसचा डीकोडर रचता येतो. ग्राउंडची तार पहिली लावायची आणि शेवटी काढायची.

ज्या बोर्डाचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मेन्सवरून आहे, त्याला ॲनालायझर लावायचाच नाही. एलईडी ड्रायव्हर आणि घरगुती उपकरणांचे कितीतरी बोर्ड असे असतात. डेस्कटॉपचं यूएसबी ग्राउंड अर्थिंगला जोडलेलं असतं. अशा बोर्डाच्या ग्राउंडला क्लिप लावली की मेन्स तुमच्या मदरबोर्डमधून अर्थला जातो, आणि समोर मुलगा बसलेला असतो. यूएसबी आयसोलेटर लावून सुरक्षित होईल असं कुणी सांगेल. स्वस्त आयसोलेटर एडीयूएम४१६० या चिपवरचे असतात आणि त्यांचा वेग १२ मेगाबिटपर्यंतच. एफएक्स२ची हाय-स्पीड जोडणी ४८० मेगाबिटची, ती त्यातून मिळत नाही, सॅम्पल रेट पार खाली येतो. आयसोलेशन सिग्नलच्या बाजूला करा, डिजिटल आयसोलेटर किंवा ऑप्टोकपलर घालून.

मुलांना पहिला प्रयोग म्हणून एसएचटी३१चा तापमान-आर्द्रता सेन्सर द्या. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या हवामान यंत्रांमध्ये या जातीचे सेन्सर असतात, त्यामुळे विषय ओळखीचा वाटतो. एससीएलला डी०, एसडीएला डी१, सोबत ग्राउंड. आय२सी डीकोडर लावल्यावर पत्ता ४४ आणि त्यापुढे एक ॲकची, म्हणजे सेन्सरने दिलेल्या पोचेची, खूण दिसेल. मग सेन्सरची व्हीसीसी काढा आणि पुन्हा कॅप्चर घ्यायला सांगा, ॲकच्या जागी सहसा नॅक (पोच नाही) येईल. पुल-अप (तारा एरवी वरच्या पातळीवर ठेवणारे रेझिस्टर) मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला ठेवा, सेन्सरच्या पुरवठ्यावर असतील तर अख्खी बसच खाली बसेल. एवढं मात्र त्यांना सांगा की लांब केबलमुळे चढती कड रेंगाळत असेल तर ते इथे दिसणार नाही. लॉजिक ॲनालायझरला फक्त शून्य आणि एक कळतं, सगळ्या कडा सरळच दिसतात. त्यासाठी स्कोप हवा.

आधी एकाच उबंटू मशीनवर हा नियम लावून बघा, तो चालला की तीच फाइल सगळीकडे टाका. नाहीच चाललं तर एलएसयूएसबीची ती ओळ, गेटएफएसीएलचं पूर्ण उत्तर आणि नियमाची ओळ जशीच्या तशी पाठवा. बरोबर चिन्हांसकट पाठवा, बहुतेक वेळा गोष्ट तिथेच अडलेली असते.